जावयाने भरलेला अकरावीचा फॉर्म

त्या रविवारी दुपारी घरात सहा माणसं होती. मी, माझा मुलगा, सून, त्यांची मुलगी म्हणजे माझी नात, माझी लेक आणि जावई. लेक-जावई डोंबिवलीवरून जेवायला आलेले. हे आधीच सांगते, कारण नंतर एकेक जण बोलायला लागला की मी तिथे नव्हतो, मी आत भांडी घासत होती, माझं लक्ष नव्हतं. सगळी तिथेच होती. ठाण्याला कोपरीतली आमची खोली एवढीशी, आतलं बाहेर ऐकू येतं. लक्ष जाणार कुठे?

नातीचा अकरावीचा फॉर्म भरायचा होता. नात म्हणजे शाळेत पहिली आलेली. शिकवणी नाय, काय नाय. मी चौथी शिकली तेवढीच. नवरा गेल्यावर नौपाड्यात चार घरी पोळ्या लाटल्या, त्यात दोन पोरं मोठी केली. त्यांना शिकवायला कोण होतं? आणि ही पोरगी स्वतःची स्वतः शिकत गेली. पाचवीत असल्यापासून मला बिलं वाचून दाखवायची, औषधाच्या बाटलीवरचं वाचायची, आणि कुठे चुकीचं छापलंय ते पण सांगायची.

कॉलेज दोन होती. एक ठाण्यातलं जुनं. स्टेशनचा पूल ओलांडला की चालत वीस मिनिटं. भिंतीला पोपडे आलेले, पण तिथली प्रयोगशाळा मोठी. नववीत असताना शाळेने त्यांना तिकडे नेलेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या सरांनी आपल्या खाडीचं पाणी काचेवर टाकून दुर्बिणीसारख्या यंत्रातून दाखवलं. घरी येऊन पोरगी जेवली नाय, नुसती बोलत होती. आजी, त्या एका थेंबात एवढे जीव फिरतात, आपल्याला दिसतच नाय. तेव्हापासून तिचं ठरलेलं. तेच कॉलेज, आणि बायोलॉजी घ्यायची.

दुसरं घोडबंदर रोडला. नवीन, सगळी काच. क्लास आणि कॉलेज एकाच इमारतीत. त्यांची वेगळी परीक्षा असते, ती हिने मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून दिली आणि दुसरी आली. लगेच त्यांचे फोन चालू. मुलीला इंजिनिअरिंगच्या खास बॅचमध्ये घेतो, फी माफ करतो. त्या बॅचला बायोलॉजी नाय. पोरीने नको सांगितलं, विषय संपलेला. पण ते फोन जावयाला यायचे. परीक्षेला नंबर त्याचाच दिलेला, कारण तो कॉम्प्युटरवर काम करतो आणि आमच्याकडे काही लिहायचं-वाचायचं निघालं की जावयालाच विचारतात.

का विचारतात ते पण सांगते. लेकीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना आला. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. मी चार घरची कामं करून पीठ केलं, आणि तेलात सोडले ते सगळे पसरले. एक धड झाला नाय. मग दुकानातले आणून डब्यात भरून दिले. त्याच्या आईने डबा परत पाठवला, आणि डब्याबरोबर माझी लेक. आठ महिने ती माझ्याकडे होती. आठ महिने मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागत होती, अनारशांसाठी. तेव्हापासून आमच्या घरात जावई बोलेल ते खरं. तो आला की पंखा त्याच्याकडे फिरतो, माशाचा मधला तुकडा त्याला. वीस वर्षं झाली, त्याची आई पण गेली, पण ती सवय काय गेली नाय.

तर जेवणं झाली, आणि मुलगा बोलला, भावोजी, तेवढा फॉर्म बघता का? जावई मोबाईल घेऊन खाटेवर बसला. दहा कॉलेजं नंबराने लिहायची असतात. पोरगी बाजूला उभी राहून सांगत होती, एक नंबरला हे, दोनला हे. त्याने घोडबंदरचं एक नंबरला टाकलं आणि ठाण्यातलं दोनला.

पोरगी बोलली, काका, उलटं झालं.

तो हसला. बोलला की आधी पक्कं हातात घ्यायचं असतं, मग चांगल्यासाठी उड्या मारायच्या. एक नंबरला ठाण्यातलं मोठं कॉलेज टाकलं आणि नाय लागलं तर पोरगी रस्त्यावर. हे पक्कं राहू दे, पुढच्या फेरीत बदलून घेऊ. त्याची स्वतःची नोकरी अशीच लागलेली म्हणे, आधी कुठे तरी चिकटला आणि मग हलला.

पोरगी बोलली, "काका, फॉर्मबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलंय. एक नंबरचं लागलं तर घ्यायलाच लागतं. नाय घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर काढतात."

"आता तुझ्याकडूनच शिकायचं राहिलंय आमचं," जावई बोलला. "आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांचे फॉर्म मीच भरतो गं. पासवर्ड सांग."

पासवर्ड तिलाच माहीत. तिने बापाकडे बघितलं, तो भिंतीकडे बघत होता. आईकडे बघितलं, ती बडीशेपची वाटी घेऊन उभी. परत बोलली, काका, एकदा वाचून तरी बघा, मी आणते. जावयाचा चेहरा बदलला. माझी लेक लगेच माझ्याकडे बघायला लागली. ती नजर मी ओळखते, आठ महिने बघितलेली.

आणि मी बोलली, "मोठ्यांच्या तोंडाला लागू नये. दे त्यांना पासवर्ड."

तिने दिला. एकेक अक्षर सांगितलं. त्याने फॉर्म लॉक केला, चहा घेतला आणि ती दोघं गेली.

यादी लागली त्या दिवशी पोरीने मोबाईल बघितला आणि आईच्या हातात देऊन बाथरूममध्ये गेली. घोडबंदरचं लागलेलं. ठाण्याच्या कॉलेजला शेवटचं पोरगं जेवढ्या टक्क्यांवर थांबलं, त्याच्यापेक्षा हिचे जास्त होते. एक नंबरला टाकलं असतं तर पक्कं तेच लागलं असतं.

मी आणि सून ॲडमिशनच्या केंद्रावर गेलो. दोन तास रांगेत उभं राहिलो. खिडकीतली बाई वाईट नव्हती, तिने स्क्रीन फिरवून आम्हाला दाखवलं. पहिल्या पसंतीचं मिळालंय, घ्या. नाय घेतलं तर थेट शेवटच्या फेरीत, तिथे उरलेलं मिळेल. चुकून झालं बोलली मी, तर ती बोलली, मावशी, इथे सगळे हेच सांगतात, मी तरी काय करू? पासवर्ड तुमचाच ना?

दुसऱ्या दिवशी लेक-जावई आले. जावई खुर्चीत बसला आणि बोलला की जे झालं ते चांगलंच झालं, क्लाससाठी वेगळं फिरायला नको. आणि वर बोलला, "मला कोणी नीट सांगितलंच नाय. सांगितलं असतं तर बदललं असतं ना मी."

वीस वर्षं ज्या माणसासमोर मी पदर सावरून उभी राहिली, त्याला मी बोलली, "तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी तिचं तोंड बंद केलं. तुमचा मान राहावा म्हणून केलं. आता खोटं बोलू नका माझ्या घरात."

तो उठला, चहा तसाच राहिला. लेक बोलली, "आई, आता यांना परत आणून सोडू दे का मला इथे?"

"सोडू दे," मी बोलली. "जागा आहे."

ती त्याच्या मागून गेली. त्या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. फोन करते, पण कामापुरता. मला वाईट वाटतं, पण मी जे बोलली ते मागे घेणार नाय.

मुलाने ठरवलं की सीट घेऊन टाकू, हातचं जायला नको. तेव्हा मी नातीला विचारलं की तुझं काय म्हणणं आहे? ती बोलली, "आत्ता विचारतेस?" आणि फाईल उचलून बापाबरोबर ॲडमिशन घ्यायला गेली.

आता बारावीला आहे. सकाळी सहाला निघते, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसमधून येते तेव्हा दिवे लागलेले असतात. तिकडच्या प्रयोगशाळेला कुलूप असतं, प्रयोग फळ्यावरून वहीत उतरवतात. मार्क चांगलेच पडतात. बाळकुमच्या नाक्यावर कॉलेजवाल्यांनी तिचा मोठा फोटो लावलाय. लोक मला सांगतात, आजी, नातीने नाव काढलं. मी हो बोलते आणि पुढे जाते. तो फोटो बघितला की मला तो फाडावासा वाटतो. जावयाचा राग येतो, मुलाचा येतो, भिंतीकडे बघत बसला त्याचा. पण पासवर्ड दे बोलणारी मी होती. माझ्यावरचा राग कुठे काढू?

नात माझ्याशी भांडत नाय. विचारलं तेवढं बोलते. पहिल्यासारखं जवळ बसून पुस्तकातलं काही सांगत नाय. मी पण मागत नाय.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात असा फॉर्म भरायची वेळ आली, तर ज्या पोरीचा फॉर्म आहे तिच्याच हातात मोबाईल द्या. पाहुण्याला जेवायला वाढा, पोटभर वाढा, फॉर्मला बसवू नका. आणि ती पोरगी थांबा बोलली, तर कोण नाराज होतंय ते बघू नका. थांबा, आणि ती काय बोलते ते ऐका.