पाडावयाच्या इमारतीतील समाजवाद

किस्से कोणी साठवीत नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ जमते तसे ते जमतात. रोज फिरत असतात तोवर दिसत नाहीत, आणि एके दिवशी पंखा थांबला की एकदम डोळ्यांत भरतात. आमचा पंखा थांबण्याच्या बेतात होता, तेव्हा हे सारे मला दिसू लागले.

नाशकात गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमची सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि मागील अंगणात सिमेंटचा एक बाक. त्या बाकावर सायंकाळी आम्ही चौघे बसतो. नाना हे लासलगावचे कांद्याचे निवृत्त व्यापारी. देवावर नसेल इतकी त्यांची बाजारावर श्रद्धा. कॉम्रेड हे सातपूरच्या एका कारखान्यातील जुने कामगार पुढारी; त्यांना नाव आहे, परंतु ते त्यांच्या पत्नीखेरीज कोणी वापरीत नाही. सुशीलाबाई या संगीताच्या निवृत्त शिक्षिका. काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली असून तळमजल्यावरील घरात त्या एकट्या राहतात. चौथी मी, जुनी मॅट्रिक, सोसायटीची अध्यक्ष आणि सर्वांची माई.

मध्यंतरी इमारत पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव आला. समाजवाद बरा की बाजार, हा वाद बाकावर पूर्वीही होत असे. पण तो चवीने होई. त्यानंतर आवाज चढू लागले ते भीतीने. कारण सुशीलाबाईंना त्यांचे घर बोटांनी पाठ आहे. उंबऱ्यापासून शेगडीपर्यंत त्या भिंतीला बोटांची टोके लावून चालतात, आणि शेगडीचे बटण पहिल्या प्रयत्नात सापडते. त्या भिंती पडल्या, तर त्यांच्यापुरते जगच पडले.

मी एकदा माझ्याच घरात डोळे मिटून स्वयंपाकघरातून देवघराकडे निघाले. कपाटावर आदळले, आणि आपण कोणत्या खोलीत आहोत हेच कळेना. डोळे उघडणे माझ्या हातात होते. तरीही ते मला चटकन सुचले नाही.

*

प्रथम जिन्यातील दिव्याची गोष्ट. कॉम्रेडांचे म्हणणे असे, की आपण सर्व समाजवादातच राहतो. "पाण्याची टाकी सर्वांची, जिना सर्वांचा, गच्ची सर्वांची! नाना, तुम्ही रोज समाजवाद चढून घरी जाता!"

"म्हणून तर जिन्यातला दिवा लागत नाय!" नाना म्हणाले. "सगळ्यांचा म्हंजी कुणाचाच नाय. एकाच्या मालकीचा करा, मग बघा कसा लखलखतोय."

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः बल्ब आणून लावला. आठवडा गेला नाही तोच तो कोणी काढून नेला. अंधाऱ्या जिन्यात चाचपडत उतरणाऱ्या नानांना वरून कॉम्रेडांचा आवाज ऐकू आला, "अभिनंदन नाना! दिव्याचे खासगीकरण झाले!"

त्या अंधारात सहजपणे उतरणाऱ्या एकट्या सुशीलाबाई. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा डबा घेऊन त्या खाली आल्या, आणि नानांना म्हणाल्या, "माझा खांदा धरा, पुढची पायरी तुटलेली आहे."

*

माझ्यावरही एक आळ आहे. ट्रकवाल्यांच्या संपाची अफवा उठली, तेव्हा मी वाण्याकडून साखर आणून मोठ्या डब्यात भरली. रेशनच्या रांगेत आईचा पदर धरून ज्यांनी उभे राहून पाहिले आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. 'संपली' हा शब्द दुकानदाराने उच्चारला की आईची बोटे माझ्या मनगटावर घट्ट होत. आजही तो शब्द ऐकला की माझे मनगट दुखते.

नानांना बातमी लागली. "माई, तुम्ही तर साठेबाज निघाल्या! बाजाराला आपलं काम करू द्या ना. माल येतोय की!"

कॉम्रेड त्याहून संतापले. साठेबाजांवर कठोर कारवाई झाली पाहिजे, जीवनावश्यक वस्तूंचे वाटप सरकारच्याच हाती हवे, असे त्यांनी उभे राहून भाषण केले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, तरी ते थोडे थांबले.

अर्ध्या तासाने माझ्या दारावर हलकीच टकटक झाली. कॉम्रेड. हातात स्टीलची वाटी.

"माई, आमच्या हिनं पाठवलंय," ते जिन्याकडे पाहत कुजबुजले. "आणि नाना घरातच आहेत ना?"

*

अर्थशास्त्राच्या इतिहासावरून मात्र आमची एक सायंकाळ पूर्णपणे वाया गेली, असे मला वाटत होते. माझे आजोळ सायखेड्याचे. गोदाकाठच्या त्या गावी जुन्या काळी कोणी उपाशी झोपत नसे, धान्य ज्याच्या त्याच्या कामाच्या वाट्याचे घरपोच जाई, असे मी म्हणाले. कॉम्रेडांनी लगेच तो आद्य समाजवाद ठरवला. नानांनी तोच शुद्ध बाजार ठरवला: "काम द्या, धान्य घ्या. सौदाच झाला की!" पाहता पाहता दोघे एकाच गावासाठी हमरीतुमरीवर आले.

सुशीलाबाई शांतपणे ऐकत होत्या. "माई, हे तुम्ही पाहिलंत?"

"मी कशी पाहीन? आजोबा सांगत."

"त्यांनी पाहिलं?"

"त्यांना त्यांचे आजोबा सांगत."

"आणि ज्यांना ते धान्य मागायला दारात यावं लागे, त्यांचे आजोबा काय सांगत?"

आजोळच्या घरी ते लोक ओटीच्या खाली उभे राहत, एवढेच मला आठवले. आणि ते मी त्या दिवशी मोठ्याने बोलले नाही.

नाना म्हणाले, "बाई, तुम्ही आमचं भांडणच मोडून टाकलं!"

"भांडा हो," सुशीलाबाई म्हणाल्या. "भांडता ते ऐकीव असतं. घाबरता तेवढं खरं असतं."

*

घाबरण्याचे म्हणाल तर नानांना पांढरी सरकारी जीप दिसता कामा नये. पूर्वी साठ्यावर मर्यादा आली की अशाच जीप गोदामापुढे थांबत, आणि त्यांचे वडील आतल्या आत घामाघूम होत. व्यापार सोडून नानांना बरीच वर्षे झाली. तरीही एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली, आणि खुल्या बाजाराचे गुणगान करणारे नाना वाक्य अर्धे टाकून घरात गेले. कडी लागल्याचा आवाज आला.

गाडी महापालिकेची होती. डासांसाठी धूर करण्यास आली होती. आम्ही दार वाजवले. आतून आवाज आला, "साठा नाय, काय नाय! घरात दोन कांदे हायेत फक्त!"

कॉम्रेड दाराला तोंड लावून म्हणाले, "तेच मोजायला आलेत!"

हसून हसून त्यांना ठसका लागला. नाना बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला होता, आणि मग कोणीच हसले नाही.

*

कॉम्रेडांचीही पाळी आलीच. नव्या वॉचमनने एका दुपारी फाटकाला साखळी घालून कुलूप लावले आणि तो जेवायला गेला. दूध आणण्यास निघालेल्या कॉम्रेडांनी ते पाहिले. त्यांच्या कारखान्यात एके सकाळी असेच कुलूप होते, आणि ते पुन्हा कधी उघडले नाही. मी खिडकीतून पाहिले, तेव्हा ते दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून उभे होते. हाक मारली तरी ओ देईनात. गज हलत होते, वारा नव्हता.

नानाच खाली उतरले. वॉचमनला शोधून त्यांनी कुलूप काढवले आणि कॉम्रेडांच्या पाठीवर हात ठेवला. "कॉम्रेड, आपलंच फाटक हाय. आतून लावलंय. इथं मालक आपणच हाओत."

कॉम्रेडांनी कपाळ पुसले. "कुलूप आतून की बाहेरून, ते ज्याच्या खिशात किल्ली असते त्यालाच ठाऊक, नाना!"

त्यानंतर त्यांनी दूध आणले नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे सर्वांनी कोरा चहा घेतला. नानांनीही, आणि साखर कमी असल्याची तक्रार न करता.

*

मग बिल्डरचा माणूस आला. तरुण, नम्र, गळ्यात ओळखपत्र. आमच्या पार्किंगमध्ये पांढरा पडदा लावून त्याने प्रेझेंटेशन दिले. पडद्यावर निळा तलाव होता आणि तलावाकाठी आमच्यापैकी कोणासारखीच न दिसणारी माणसे होती. नाना प्रत्येक चित्राला मान डोलवीत होते. त्यांच्या सूनबाईंचे गुडघे गेलेले आहेत आणि घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचे चित्र आले तेव्हा त्यांनी सूनबाईंकडे वळून पाहिले. त्यांचा होकार केवळ बाजारावरील श्रद्धेपोटी नव्हता, हे मला तेव्हा कळले, आणि माझी धास्ती वाढली. निव्वळ तत्त्वाचा माणूस वादात हरवता येतो.

"आजी," तो तरुण सुशीलाबाईंना म्हणाला, "तुमच्या फ्लॅटला व्हॉइस कंट्रोल देऊ. नुसतं 'लाइट ऑन' म्हणायचं, की दिवा!"

"बाळा, मला दिव्याचा काय उपयोग?"

तो गोरामोरा झाला. त्यांनीच त्याला सावरून घेतले. "बरं, एवढं सांग. शेगडी डाव्या हाताला असेल की उजव्या?"

त्याने भराभर चित्रे मागेपुढे केली. "ते अजून फायनल नाही, आजी."

"असू दे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो इतका थंड पडला होता, की मी तो दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागले.

*

मतदानाची सभा रविवारी सकाळी त्याच पार्किंगमध्ये झाली. प्रत्येक घराचे एक मत. एरवी आमच्याकडे ठराव 'संमत, संमत' अशा गलक्यात पार पडतात. हा ठराव तसा होऊ द्यायचा नाही, हे मी अध्यक्ष या नात्याने ठरवले होते. "मतदान हात वर करूनच होईल," मी जाहीर केले. "तोंडी मत धरले जाणार नाही." कोणी हरकत घेतली नाही.

विरोधातील मते मी आधी घेतली. घाबरलेल्या माणसांनी दुसऱ्यांचे हात मोजत बसू नये, एवढाच हेतू. सुशीलाबाईंचा हात सर्वांत आधी आणि सर्वांत उंच गेला. कॉम्रेडांनी सवयीने मूठ वळून हात वर केला. मी त्यांना बोटे उघडण्यास सांगितले.

मग बाजूची मते. हात वर झाले. मी दोनदा मोजले. नानांचा हात वर झाला तर ठराव संमत होत होता. नाही झाला तर बरोबरी, आणि बरोबरीत निर्णायक मत माझे. नानांचा हात वर नव्हता! दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते खुर्चीत बसले होते.

"नाना, आपले मत?"

"बाजूनं. कवाचं सांगतोय मी."

"मग हात वर करा."

"माझं तोंडी धरा, माई."

"तोंडी धरता येणार नाही."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आमच्या घरात हात वर करत नायत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लासलगावात ज्यानं हात वर केले तो संपला. माल उचलला अन् पैसे द्यायच्या वक्ताला हात वर केले, असंच म्हणत्यात ना? आमच्या गाळ्याशेजारच्यानं केले. लोकांनी त्याला घराबाहेर ओढला. मी बारका होतो, बापानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. म्हणला, आयुष्यात वर करायचे नायत. कशालाच नायत. शाळेत हजेरीला मी नुसता उभा राहायचो."

"अहो, हा निव्वळ शब्द झाला!" कॉम्रेड ओरडले. "बाजार म्हणजे स्वातंत्र्य ना? मग करा की वर!" आणि लगेच माझ्या कानाशी लागून म्हणाले, "माई, जाहीर करा. बरोबरी! चटकन!"

नानांच्या सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. नानांनी एक हात मांडीखालून काढला, तो छातीपर्यंत आला आणि पुन्हा मांडीवर पडला. "नाय जमत," ते म्हणाले.

मी घोषणेसाठी उठले. नियम माझाच होता, आणि तो मला हवे तेच देत होता.

सुशीलाबाई नानांच्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी चाचपडत नानांची बाही शोधली, मग कोपर, मग मनगट.

"नाना, मी केला तर चालेल?"

नानांनी डोळे मिटून घेतले. हात ओढून घेतला नाही.

दोघांचे हात एकत्र वर गेले, सावकाश, खुर्च्यांच्या पाठींपेक्षा उंच, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच.

"माई," सुशीलाबाईंनी माझ्या दिशेने मान वळवून विचारले, "दिसतोय का?"

"दिसतोय," मी म्हणाले.

"मग मोजा."