गुडघाभर पाणी

बाडस मासळी अंडी कुठं घालते हे दाखवायला कमला ढिवरणीनं अपूर्वला वैनगंगेत उतरवलं, तेव्हा हा बालाघाटचा पोरगा बुटांसकट उतरला होता. "काढ ना बावा ते! गोट्यावरचं शेवाळ का तुह्या बापानं पुसून ठेवलं?" म्हणत तिनं अख्खा घाट हसवला.

बाडस संपत चालली होती. ती पुन्हा वाढावी म्हणून वरच्या धरणातून नदीत किती पाणी सोडायचं, हे ठरवायच्या कामावर अपूर्व होता. दोन वर्षं तो येत राहिला. फिरकीच्या यंत्रानं धार मोजायचा, दुपारी कमलाच्या चुलीपाशी भात खायचा. कमलानं नदी मोजलेली ती आपल्या अंगावर. दसऱ्याच्या सुमाराला गोट्यांच्या उथळ पट्ट्यावर कंबरभर वाहतं पाणी असलं तरच मादी वर चढते. अपूर्वनं टेप लावून तिच्या कंबरेची, गुडघ्याची उंची घेतली तेव्हा ती म्हणाली, "लगन जुळवून राह्यला का रे माहं, या वयात?"

मग एकदा त्यानं विचारलं, "मावशी, अगदी कमीत कमी किती पाण्यात जगते ही?"

कमलाला बाडसचा भारी गर्व. "एक साल नदीच तुटली. डोहात गुडघाभर पाणी. बाकी मासे पटापट मेले, बाडस राह्यली! पण त्या साली अंडं नाई दिलं तिनं."

त्यानं वहीत लिहून घेतलं.

औंदा दसऱ्याला धरणातून सोडलेलं पाणी गुडघ्याच्या वर चढलंच नाही. पट्ट्यावर एक मादी दिसली नाही. सरपंचाच्या पोरीनं, रचनानं मोबाइलवर अपूर्वच्या ऑफिसचा हिंदी अहवाल उघडून वाचला : बाडससाठी गुडघाभर पाणी पुरेसं. माहिती देणार : कमलाबाई, मछुआरन.

"वहिनी, तूच सांगतलं का व?" दीर महागूनं सगळ्यांसमोर विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती बालाघाटच्या ऑफिसात उभी.

"मावशी! बसा ना, चहा सांगतो."

"कंबरंचं काहून नाई लिवलं?"

"लिहिलं होतं. साहेब म्हणाले, एवढं सोडलं तर कालव्याला काय उरणार? कमीचा आकडा आहे ना, तोच टाका. आणि तो तुमचाच होता, मावशी."

"अंडं नाई दिलं, हे बी माहंच होतं."

अपूर्वनं शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले.

"मंग माहं नाव काढ."

"छापून झालंय आता. मानानं टाकलंय ते."

"मान तुह्या घरी ठेव. घाटावर लोकं मले इचारतेत." तिनं टेबलावरचा कोरा कागद त्याच्यापुढं सारला. "इथं लिव. कंबरभर पाणी नाई, तं अंडं नाई. खाली तुही सही कर."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. साहेबांच्या दाराकडं पाहिलं. टोपण परत लावलं. "नोकरी जाईल माझी."

कमला निघाली. तो जिन्यापर्यंत मागं आला. "मावशी, रागावू नका हो."

"नाई साहेब," ती म्हणाली. "तुमी जा. कामं पडली असतीन तुमची."