वाटसरूची सरी

सापरगुलच्या शेतात रस्त्याला लागून जी पहिली सरी होती, ती कुणाच्याच मालकीची नव्हती. तिच्यावरचं खरबूज घरात यायचं नाही, बाजारात जायचं नाही. ते वाटसरूचं. कालव्याच्या काठाने खिवा शहराकडे जाणाऱ्या कुणीही थांबावं, फोडावं, पोटभर खावं आणि दुआ देऊन पुढे लागावं. नाही दिली दुआ, तरी सरी काही रुसत नसे. ही रीत सासऱ्याच्याही आधीची. गावात बाकीच्यांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली होती. हल्ली लोकांना सख्ख्या शेजाऱ्याला फोड द्यायची तर जिवावर येतं, वाटसरूचं कोण बघतो!

सापरगुलने मात्र सरी सोडली नाही. नवरा ओतानियाज गेला, तेव्हाही नाही आणि त्यानंतर तर नाहीच नाही. कारण तिचा मुलगा वाटेवर होता.

त्याचं नाव ओल्लाबेर्गन, म्हणजे अल्लाने दिलेला. किती दर्ग्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर झालेला, म्हणून हे नाव. तो उत्तरेला रशियात बांधकामावर गेला. पहिल्या हिवाळ्यात फोन यायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ते विरळ झाले, मग थांबले. त्याच्यासोबत गेलेले परत आले. एक म्हणाला, त्याने दुसरं काम धरलं. दुसरा म्हणाला, आगगाडीत आजारी होता, मधल्याच कुठल्या स्टेशनवर उतरवला. त्यापुढे कुणाला काही ठाऊक नव्हतं. सात वर्षं झाली. गावाने मनातल्या मनात त्याला माती दिली होती, पण तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

एकदा बायका धीर करून भाकरी घेऊन आल्या आणि दु:खाच्या घरी बसतात तशा भिंतीला टेकून बसल्या. दु:खाच्या घरी चूल पेटत नाही, चहाही शेजारीण करते. सापरगुल उठली, तिने स्वत: चूल पेटवली, चहा केला आणि एकेकीच्या हातात वाटी दिली. म्हणाली, "घ्या, गरम आहे तोवर. कोण गेलंय गं? माझ्या घरात तर सगळं ठीक आहे." बायका चहा पिऊन निमूट निघून गेल्या. पुन्हा कुणी आलं नाही.

तिचा हिशेब साधा होता. आपल्या बांधावर परका माणूस जेवतो, तोवर परमुलखात आपल्या पोराच्या हातावरही कुणीतरी तुकडा ठेवतं. या हिशेबावर ती जगत होती. कुणी त्याला खुळेपणा म्हणेल. त्याने आधी एक लेकरू परदेशी हरवून बघावं.

खरबुजाच्या कामात मात्र तिचा हात धरणारं त्या काठावर कुणी नव्हतं. खरबुजाची माशी घरमाशीहून लहान, पिवळी, पंखांवर पट्टे. फळ अक्रोडाएवढं झालं की ती आपली सुई कोवळ्या सालीत खुपसते आणि आत अंडं सोडते. जखम बुजते, फळ वाढतं, मालक त्याला थोपटून खूश होतो, आणि आत अळ्या बियांपर्यंत पोचलेल्या असतात. यावर जुना इलाज मातीचा. फळ अक्रोडाएवढं झालं रे झालं की त्याला ओल्या चिखलाने लिंपायचं आणि वर माती ओढायची. साल टणक होईपर्यंत माशीला ते दिसतच नाही. सापरगुल उन्हं चढायच्या आत वाकायची ती सरीमागून सरी लिंपत जायची.

पाटापलीकडे शेजारी मात्याकुबचं शेत. म्हातारा तिकडून ओरडायचा, "लग्न आहे का गं खरबुजांचं? मेंदी लावतेयस ती!"

"तुमच्याही लावून देते, आगा. या घेऊन मांडवात."

"माझ्या नवऱ्या आता म्हाताऱ्या झाल्या. आणि माझे गुडघे त्यांच्याहून म्हातारे."

खरंच त्याला वाकवत नसे. अर्धं शेत लिंपलेलं, अर्धं अल्लाच्या भरवशावर.

पण सापरगुल एक सरी लिंपत नसे. वाटसरूची. पाहुण्याच्या पुढ्यात आमच्याकडे कुणी भाकरी पालथी ठेवत नाही, मग त्याच्या फळाला चिखल कसा फासायचा? तेवढ्या सरीवरची खरबुजं उघडी, धुतल्यासारखी पिवळीधमक असायची. ती बघून तिला बरं वाटायचं.

त्या वर्षी मात्याकुबने हिवाळी खरबुजं काढून, लव्हाळ्याच्या जाळ्यांत घालून अंधाऱ्या खोलीत टांगली. ही खरबुजं वसंतातल्या नवरोजपर्यंत टिकतात, आणि नवरोजला म्हातारा घरोघरी एकेक द्यायचा. तोच त्याचा मोठेपणा. गारठा पडायच्या सुमारास त्याने दार उघडलं तर वास आला. जाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. हात लावला ते खरबूज हातातच फुटलं.

तो सापरगुलच्या अंगणात आला तेव्हा त्याच्यासोबत त्याची लेक याकूत होती. ती पिकांच्या रोगराईचं बघते, तालुक्याला नोकरी करते. म्हाताऱ्याने चहाला हात लावला नाही. तिघं वाटसरूच्या सरीवर गेली. याकूतने एका सडक्या खरबुजाखालची माती सुरीने उकरली.

"खाला, हात पुढे करा."

सापरगुलच्या तळव्यावर तिने काही दाणे ठेवले. पिवळसर, गुळगुळीत.

"गहू?"

"माशीचे कोष. फळ सडलं की अळी खाली उतरते, मातीत शिरते आणि अशी हिवाळाभर निजते. वेलींना फळं धरायच्या वेळी माशी होऊन वर येते. बाबांच्या शेतात शोधून चार सापडले. इथे मूठभर आहेत."

"वाटसरूला जेवायला घालते म्हणे!" मात्याकुब म्हणाला. "अगं, आता रस्त्याने चालतो कोण? सगळे मोटारीतून भुर्रकन जातात. तुझ्या सरीवर माशी जेवते आणि बाळंतपणाला माझ्याकडे येते!"

"तुमचे गुडघे वाकले नाहीत, त्याचं खापर माझ्या सरीवर?"

"फोड माझ्या गुडघ्यांवर. पण ही सरी पुरून टाक, सापरगुल."

याकूत हळू आवाजात म्हणाली, "मांडीइतका खोल खड्डा घ्या, खाला. उथळ नको, नाहीतर माशी वर येते. सगळी फळं, वेल, सगळं आत. मग सरी खोल खणा, कोष थंडीने मरू देत. पुढच्या वर्षी इथे वेल नको."

"मग त्याला खायला काय मिळेल?" सापरगुल म्हणाली.

कोणाला, ते कुणी विचारलं नाही.

तिने काही पुरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बांधावर जाऊन बसू लागली. एक तरी वाटसरू येऊ दे, म्हणजे त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद होईल. मोटारी धूळ उडवत गेल्या. तिसऱ्या दिवशी मात्र खरोखरच एकजण पायी आला. जवान पोरगा, खांद्यावर पिशवी, बुटांना वाटेची धूळ. तो थांबला, त्याने सगळ्यात पिवळं खरबूज निवडलं, चाकूने चिरलं आणि मागे सरकला. आत पांढरं वळवळत होतं. त्याने ते पाटाकडे भिरकावलं, पाला घेऊन चाकू पुसला. मग त्याची नजर तिच्यावर गेली. तो मान खाली घालून चालू लागला.

"थांब बाळा, घरातलं चांगलं आणते!" ती ओरडली. तोवर तो वळणाआड गेला होता.

ती तिथेच मटकन बसली. म्हणजे इतकी वर्षं आपण परक्याच्या पुढ्यात हे ठेवलं? तिचाच हिशेब आता तिच्या उरावर बसला. असंच तिकडे माझ्या पोराच्या पुढ्यात कुणी ठेवलं असेल. किंवा ठेवायला पोरच उरलं नसेल. हे वाक्य तिने सात वर्षांत पहिल्यांदा मनात पुरं होऊ दिलं.

सकाळी तिने फावडं घेतलं. सरी लांब आणि अरुंद, म्हणून खड्डाही तसाच होत गेला. मात्याकुबने पलीकडून पाहिलं, लंगडत पाट ओलांडला आणि दुसऱ्या टोकाने खणायला लागला. याकूत आली. दोघीतिघी बायका आल्या. खरबुजं एकेक करून आत गेली, वरून वेल, वरून माती.

माती सपाट झाली. मात्याकुबने फावडं आडवं ठेवलं, कण्हत उकिडवा बसला आणि दोन्ही तळवे वर केले. आयुष्यभर त्या हातांनी गावातली माणसं पुरली होती. माती ओढून झाली की हात आपोआप दुआला उठायचे. बाकीचेही बसले. मग त्याच्या लक्षात आलं. म्हातारा ओशाळला.

"तौबा, तौबा. हाताची खोड बघ..." तो हात खाली घेऊ लागला.

"राहू द्या, आगा," सापरगुल म्हणाली. "घेऊ नका खाली."

ती त्याच्या शेजारी मातीवर बसली. तिने आपले चिखलाचे तळवे उघडले.

"नाव घ्या त्याचं."

म्हाताऱ्याने हात पुन्हा वर केले. "ओतानियाजचा मुलगा," तो म्हणाला, "ओल्लाबेर्गन."

"आमीन," ती म्हणाली, आणि मग तिने हंबरडा फोडला.

दुपारी बायका भाकरी घेऊन तिच्या घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. चहा याकूतने केला.