शिंदखेड्याची लाईन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — ते विचारू नका, नाहीतर आजही माझं तोंड मिटेल.

मी गणिताची बाई. धुळ्यात जन्मभर शिकवलं. फटकळ म्हणून प्रसिद्ध. पोरं म्हणायची, बाईंचं गणित चुकेल त्या दिवशी पांझरा उलटी वाहील. आणि मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या संस्थेच्या दोन शाळा — एक धुळ्याला, एक शिंदखेड्याला. दोन्हीकडे कॉम्प्युटर आले, मोडेम आले, आणि अध्यक्षांच्या डोक्यात आलं की बाईंनी इथे बसून तिकडच्या दहावीला इंटरनेटवरून गणित शिकवायचं. दर शनिवारी. मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची, ते तिकडे पडद्यावर उमटायचं. तिकडची मुलं पाळीपाळीने उत्तरं टाइप करायची, शेवटी आपलं नाव घालायची. आपण इथे विचारावं आणि शिंदखेड्याहून उत्तर यावं — अहो, अंगावर काटा यायचा!

पहिल्याच महिन्यात अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. माझ्या खुर्चीमागे दहा-बारा माणसं उभी. मी रंगात आले होते. गणित दिलं — एक्स बरोबर, 'एक्स अधिक सहा' या अख्ख्याचं वर्गमूळ. वर्ग केला, अवयव पाडले, उत्तरं लिहिली: तीन आणि उणे दोन. मागून कुणीतरी 'वा' म्हणालं.

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. सुजाताची. 'बाई, उणे दोन घालून पाहिलं. जमत नाही.'

बरोबर होतं तिचं. वर्ग करताना एखादं उत्तर जादाचं घुसतं, ते तपासून काढून टाकायचं असतं — हे मीच वर्षानुवर्षं पोरांच्या डोक्यात ठोकत आले होते! 'शाब्बास, माझं चुकलं.' एवढं टाइप करायला किती वेळ लागला असता? मी टेबलाखाली हात घातला आणि टेलिफोनची पिन उपटली.

'गेली लाईन!' मी म्हटलं. सगळे हसले. तेव्हा लाईन जायचीच, कोण शंका घेणार?

तुम्ही म्हणाल, घाबरली बाई, झालं. तेवढंच असतं तर मी आज बोललेच नसते. पुढच्या शनिवारी तिने पुन्हा तेच विचारलं — चिवट पोर. त्या दिवशी माझ्यामागे कुणीही नव्हतं. तरी मी पिन काढली. तिसऱ्या शनिवारी तर नुसतं तिचं नाव दिसलं — आणि माझा हात टेबलाखाली. का? आता चूक कबूल केली, तर पंधरा दिवस मी गप्प का होते, ते कोण सांगणार होतं?

मग शिंदखेड्याहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे तिकडचे कारकून, कॉम्प्युटर तेच सांभाळायचे. म्हातारा खुशीत होता. 'बाई, कारण सापडनं! ती सुजाता शे ना, तिना हात लागना की लाईन जास. आते मी तिले हातच लाऊ देस नही.'

सुजाता बौद्ध वस्तीतली. हिचा हात लागला की बिघडतं — हे वाक्य तिच्या घरात किती पिढ्यांनी ऐकलं असेल? माझ्या आजोळी, पाण्याच्या माठापाशी, मी स्वतः ऐकलंय. म्हणजे मला कळलं नाही असं नाही. तिथल्या तिथे, पुरतं कळलं. आणि मी फोनवर म्हटलं, 'बरं.'

पिनेचं एक वेळ सोडा. ते 'बरं' — ते मला गिळता येत नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि मी ते निघू दिलं. वर्षभर बाकीची मुलं टाइप करत राहिली. लाईन पूर्वीइतकी जाईनाशी झाली, आणि नाना सगळ्यांना सांगत सुटले की बघा, मी म्हटलं नव्हतं?

दहावीच्या निरोप समारंभाला मी शिंदखेड्याला गेले. कॉम्प्युटरभोवती मुलांची झुंबड, आणि एक सडपातळ मुलगी दाराशी, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून. कुणी सांगायची गरजच पडली नाही. सगळे नाश्त्याला गेले तेव्हा तीच माझ्याजवळ आली. म्हणाली, 'बाई, माझ्यामुळे तुमचे तास मोडले. माफ करा. आणि ते उणे दोनचं — माझंच चुकलं असेल.'

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, 'असू दे गं. होतं असं.'

मी तिला माफ केलं.