टपावर अडीच माणसं

माणसाने वर्षातून एकदा तरी निसर्गाच्या कुशीत शिरावं. त्याशिवाय त्याला स्वतःची ओळख पटत नाही. हे वाक्य मी धीरगंभीर आवाजात उच्चारलं तेव्हा माझी बायको मेधा मेथी निवडत होती.

"शिरा," ती म्हणाली. "पण आधी ती गाडी धुवा. सोयाबीनचा वास येतो तिला."

गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप. करोंदच्या मंडीतल्या एका व्यापाऱ्याकडून ती मी घेतली होती. तो तिच्यातून शेतं पालथी घालायचा; मी तिच्यातून जंगलं पालथी घालणार होतो. (आजवर मी तिच्यातून बिट्टन मार्केटला जाऊन भाजी आणली होती. चारही चाकांना जोर देऊन.)

आता प्रश्न होता तंबूचा. जमिनीवर ठोकायचा, की गाडीच्या टपावर उघडायचा? मी इतके व्हिडिओ बघितले, की झोपेतही शिडी लावू लागलो. टपावरच्या तंबूचा विक्रेता तिवारी म्हणजे उत्साहाचा झरा.

"सर, ज़मीन पे साँप-बिच्छू! ऊपर राजा की तरह सोइए!"

"आणि राजाला रात्री बाथरूमला जायचं असलं तर?" मेधाने विचारलं.

तिवारी हसला. मग तो शिडी किती हलकी आहे ते दाखवू लागला.

शेवटी घेण्याआधी लावून बघू, असं ठरलं. एका रविवारी सकाळी तिवारी नमुन्याचा तंबू घेऊन बरखेड्याला, आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टरसमोर हजर झाला. तंबू भडक केशरी. जंगलात दुरून दिसावा म्हणून हा रंग मीच निवडला होता. तो बसवून उघडला तेव्हा आमच्या सरकारी पिवळ्या क्वार्टरसमोर एखादं संस्थान स्थापन झाल्यासारखं वाटलं.

एवढ्यात शेजारचे वानखेडे आले. वानखेडे मूळचे नागपूरचे आणि आमच्याच कारखान्यात, इन्स्पेक्शनला. त्यांनी पास केल्याशिवाय कारखान्यातून खिळा बाहेर जात नाही, आणि कॉलनीत लग्नाचा मांडव उभा राहत नाही.

"किती जण झोपणार?" त्यांनी शिडी ठोकत विचारलं.

"दोघं. कंपनीने वजन लिहून दिलंय."

"लिहिलेलं आपण मानत नाही ना भाऊ. लोड टाकून पाहायचं. सव्वापट! दोनाचे सव्वापट किती?"

"अडीच."

"मग अडीच माणसं चढवा!"

इतर कोणत्याही वसाहतीत यावर लोक हसले असते. आमच्याकडे जमलेले सगळे शेजारी माना डोलवू लागले. आयुष्यभर सव्वापट भार टाकूनच माल बाहेर पाठवलेली माणसं ती! मी चढलो, तिवारी चढला. राहिला अर्धा माणूस. अर्ध्या माणसाएवढे गहू काढायला वानखेडे आणि मेधा आत गेले आणि कोठीपाशी त्यांचा वाद सुरू झाला. वानखेड्यांना वजन नेमकं हवं होतं आणि मेधाला गहू सांडायला नको होते.

आम्ही वर ऐटीत बसलो होतो. तेवढ्यात तंबूच्या दारात एक हात आला. मग चष्मा. मग आई.

माझी आई त्र्याहत्तर वर्षांची. सहाच महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदललेला. त्या ऑपरेशनसाठी तिला तयार करायला मला दोन वर्षं लागली होती. "झालं नाही नीट तर कायमची खाटेवर," हे तिचं एकच उत्तर. मीच हट्ट धरला, मीच सही केली, आणि पुढे घरभर वाजणारा वॉकरचा टकटक आवाज ऐकत मीच जागा राहिलो. आत्ता कुठे ती एकटी फाटकापर्यंत जायला लागली होती. अंगणात मटार सोलत बसलेली ही बाई साडीच्या ओच्यात मटार घेऊन शिडी चढून आली होती!

"आई! तू काय करतेयस?"

"अर्धं माणूस हवं होतं ना? ऑपरेशनपासून मी अर्धीच झालेय. उगाच गहू कशाला सांडायचे?"

"अगं, पण गुडघा!"

"काही झालं नाही. चढताना चांगला पाय आधी, असं शिकवलंय मला. बघ की चढले."

"आणि उतरताना?"

आईने शिडीकडे वाकून पाहिलं आणि पटकन मागे सरली. "उतरताना कठडा धरायचा, म्हणाले होते. कठडा कुठाय?"

शिडीला कठडा नव्हता. शिडी इतकी उभी होती, की मला स्वतःला उतरताना देव आठवला असता. बाहेर मेधा आली, तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातलं गव्हाचं पातेलं खाली पडलं. (गहू सांडले ते सांडलेच.)

"अहो, त्यांना उचलून आणा!"

"नको गं, दोघं पडू!" आई म्हणाली. यात माझ्या ताकदीविषयीचं तिचं मत स्पष्ट होतं.

"क्रेन बोलावू का?" वानखेड्यांनी विचारलं. "फक्त माल उतरवायचा गेटपास लागते."

"आई माल नाहीत!" मेधा कडाडली.

मग मार्ग तिनेच काढला. मागच्या ब्लॉकला बाहेरून जिना आहे, आणि त्याचं मधलं वळण बरोबर जीपच्या टपाएवढ्या उंचीवर आहे. शिवाय जिन्याला कठडा! गाडी वळणाला टेकवायची, आई एक पाऊल टाकून जिन्यावर. फक्त मधली गल्ली पाइपासाठी खणलेली, त्यामुळे मेन रोडने वळसा घालावा लागणार.

"सर, चलती गाड़ी में ऊपर बैठना मना है!" तिवारी ओरडला.

"चालणार नाही, सरकेल," वानखेडे म्हणाले. त्यांच्या अंगात आता कारखाना संचारला होता. जड माल हलवताना पुढे लाल कापड आणि शिट्टी घेतलेला माणूस चालला पाहिजे, हा तिथला नियम. कापड म्हणून त्यांनी आमचा टॉवेल घेतला. शिट्टी त्यांच्या खिशातच असते.

अशा रीतीने आम्ही निघालो. पुढे टॉवेल हलवत, शिट्टी फुंकत वानखेडे. मागे मुंगीच्या चालीने जीप; चालक मी, देवाचं नाव घेत शिडी उतरून आलेला, घामाघूम. टपावर केशरी तंबू. त्याच्या दारात ऊन लागतं म्हणून डोक्यावर पदर घेतलेली आई, एक हात वर करून आडवा दांडा धरून बसलेली. आत तिवारी, तिचा दुसरा हात धरून. आणि जीपमागे, कोणी पडलंच तर झेलायला, गादी डोक्यावर घेऊन मेधा.

मेन रोडवर पहिला स्कूटरवाला थांबला आणि त्याने हात जोडले.

"कौन-सी माताजी हैं, भैया?"

वानखेड्यांच्या तोंडात शिट्टी. त्यांनी ती वाजवली. हे उत्तर त्याला पुरेसं वाटलं असावं, कारण तो स्कूटर ढकलत मागे चालू लागला. मग दोन बायका आल्या. मग एक अख्खं कुटुंब. कोणीतरी बॉनेटवर झेंडू ठेवला. मी खिडकीतून ओरडत होतो, "अरे भाई, ये मेरी माँ है!"

"सबकी माँ हैं!" गर्दीतून उत्तर आलं.

"आई, हात खाली घे! लोकांना आशीर्वाद वाटतोय!"

"दांडा सोडला तर पडेन ना रे!"

एका आजोबांनी प्रसाद मागितला. रिकाम्या हाताने कोणाला पाठवणं आईला उभ्या आयुष्यात जमलेलं नाही. तिवारीचा हात सोडून तिने ओच्यातले मटार खाली दिले. आजोबांनी ते कपाळाला लावले. त्यानंतर मटारांना जी मागणी आली, तशी आमच्या घरी कधी आली नव्हती.

मला मात्र दिसत होता फक्त तो गुडघा. प्रत्येक खड्ड्याआधी मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहत होतो.

अखेर जिना आला. मी गाडी वळणाच्या मोकळ्या कडेला जवळजवळ चिकटवली आणि शिडीवरून वर धावलो. जिन्याच्या वळणावर त्याच ब्लॉकमधल्या मिश्रा भाभी हात पसरून उभ्या होत्या. मेधाने मधल्या फटीवर गादी टाकली. वानखेड्यांनी तोंडातली शिट्टी काढली. मी आईचा दंड धरला, तिने पाय उचलला, टाकला, आणि कठडा घट्ट धरला.

"हं. आता मला कोणी शिकवू नका," ती म्हणाली, आणि एकेक पायरी करत जमिनीवर आली. सरळ. न लंगडता. गर्दीने जयजयकार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या सुटकेच्या भरात मी, कोणी न सांगता, थेट टपावरून खाली उडी मारली.

"उभ्याने पास, चालत्यात पास!" वानखेड्यांनी निकाल दिला. तरी तंबू आम्ही घेतला नाही. घ्यायला उरलाच नव्हता. मिरवणुकीत आलेल्या एका मंडळाने तिथल्या तिथे तिवारीला गाठून तो देवीच्या रथासाठी विकत घेतला.

दुसऱ्या दिवशी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, फोटो काढला, आणि खूश झाले.

"बहुत बढ़िया, माताजी! बस, घर में बैठी मत रहिए, थोड़ा चलना-फिरना बढ़ाइए." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आप क्यों लंगड़ा रहे हैं?"

गुडघ्याचा पट्टा सध्या मी लावतो. आईचाच आहे, जुना. तिला आता लागत नाही.