वाढत्या अंगाची स्की

आमच्या काउंटरवर रोज दोन गोष्टी साठतात, ओले मोजे आणि किस्से. मोजे संध्याकाळी लाँड्रीत जातात. किस्से मी घरी घेऊन येते. नवरा म्हणतो, "ग्रेसी, आधी जेव, मग बोल." पण बोलल्याशिवाय मला घास उतरत नाही, त्याला मी काय करू?

तर मी दुबईतल्या एका मॉलमध्ये स्की देते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बर्फाची टेकडी, आणि टेकडीच्या दाराशी आमचं दुकान. भाड्याने पण देतो, विकत पण. वसईला आईला अजून वाटतं की मी आइस्क्रीमच्या दुकानात आहे. मी आता सांगायचं सोडून दिलंय.

*

माझी उंची चार फूट नऊ. काउंटर साडेतीन फूट. आमचा मॅनेजर एली लेबनीज आहे, भला माणूस. त्याने मला उभं राहायला एक लाकडी ठोकळा करून दिलाय.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. पुण्याचे एक सहा फुटी गृहस्थ आले, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि म्हणाले, "स्कीच्या लांबीतलं कळणारं कुणी मोठं आहे का?"

"आहे की," म्हटलं. ठोकळ्यावर चढले. "बोला."

*

लांबीचं गणित तसं सोपं आहे. स्की शेजारी उभी धरायची. शिकाऊ माणसाला हनुवटीपर्यंत, सराईताला नाकापर्यंत किंवा थोडी वर. वजन कमी असेल तर अजून आखूड. आमच्या कार्व्हिंग स्कीची कंबर बारीक आणि दोन्ही टोकं रुंद असतात, डमरूसारखी. एका कडेवर कललात की ती मधे वाकते आणि आपोआप वळते. पण वाकली तर ना! माणूस हलका आणि स्की लांब, तर ती वाकत नाही. सरळ जाते, आणि समोर भिंत असते.

हे मी दिवसातून चाळीस वेळा सांगते, मराठीत, हिंदीत आणि तोडक्यामोडक्या अरबीत. ऐकतं कोण?

दुबई मरीनाला राहणारा एक तरुण आला. म्हणाला, "माझ्यापेक्षा उंच द्या. फोटोत भारी दिसते." मी समजावलं, तो काही बधेना. दिली. ती खांद्यावर आडवी टाकून निघाला, तेवढ्यात एलीने मागून हाक मारली, "हबीबी, युअर ग्लव्हज!"

तो वळला. स्कीही वळली. रांगेतल्या दोघांच्या टोप्या उडाल्या, तिसरा खाली बसला म्हणून वाचला. सॉरी म्हणायला तो पुन्हा वळला, तेव्हा चौथ्याची कॉफी गेली.

एली माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ग्रेसी, त्याला छोटी दे. त्याला इथेच वळता येत नाहीये."

*

आमच्या फॉर्मवर वजनाचा एक रकाना असतो. बुटाला धरून ठेवणारा जो खटका असतो, तो वजन बघून बसवावा लागतो, म्हणजे पडल्यावर बूट वेळेवर सुटतो. हे सांगितलं तरी खरं वजन कोणी लिहीत नाही.

एक बाई नवरा आणि सासूबरोबर आल्या. वजन विचारल्यावर त्यांनी आधी सासूकडे बघितलं, मग म्हणाल्या, "पंचावन्न."

मी बुटकी आहे, आंधळी नाही. पण सासूसमोर कसं बोलणार? पंचावन्नला खटका बसवला. दहा मिनिटांत बाई परत, स्की हातात. "प्रत्येक वळणाला सुटतेय हो." मी पुन्हा विचारलं. शेजारी सासू. पुन्हा पंचावन्न. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा स्की हातात.

तिसऱ्यांदा त्या एकट्या आल्या, काउंटरवर ओणवं होऊन कुजबुजल्या, "अडुसष्ट करा. पण कागदावर पंचावन्नच राहू द्या."

*

सावंत साहेबांचं मात्र वेगळं आहे. ते कॉन्ट्रॅक्टर. जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिस, लोकांची दुकानं आतून सजवून द्यायचा धंदा. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. मुलगी इरा, तेरा वर्षांची, दिसते दहाची. पण बर्फावर काय चालते! मला तर तिचा हेवाच वाटतो.

ते इराला स्की विकत घ्यायला आले. मी एकशे पंचवीसची काढली. इराच्या नाकापर्यंत आली, अगदी मापाची.

सावंतांनी शेजारची एकशे पन्नासची बघितली. "दोन्हीचा भाव काय?"

"एकच. सोळाशे दिरहॅम."

"म्हणजे अडतीस-चाळीस हजार रुपये. मग त्याच पैशात पंचवीस सेंटीमीटर का सोडायचे? ही लांब द्या. वाढत्या अंगाची."

मी म्हटलं, "साहेब, हा शाळेचा युनिफॉर्म नाही. खालून दुमडून टीप मारता येत नाही."

इरा त्या स्कीला पाठ लावून उभी राहिली. स्की डोक्याच्या चार बोटं वर. "डॅड, इट्स टॉलर दॅन मी."

"वाढशील गं. आपल्याकडे सगळे उशिरा वाढतात."

फॉर्मवर उंचीच्या रकान्यात त्यांनी एकशे सेहेचाळीस लिहिलं. मी आत्ताच मोजली होती, एकशे चाळीस. मी त्या आकड्याकडे बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

*

मी ती स्की विकली. एली म्हणाला, गिऱ्हाईक खूश आहे, खलास. पण मला वाईट वाटलं, कारण जाताना इराने मागे वळून त्या छोट्या जोडीकडे बघितलं होतं.

टेकडीवर मुलांची रेसिंग टीम आहे. लाल-निळ्या खांबांच्या मधून वळत वळत खाली यायचं, आणि एक जरी खांब चुकला तर बाद. चौदा पूर्ण व्हायच्या आतच घेतात, म्हणजे इराचं हे शेवटचं वर्ष. निवडीच्या दिवशी ती चौथ्या खांबाला सरळ निघून गेली. कोचने दया येऊन पुन्हा सोडलं. पुन्हा चौथा खांब. कोच म्हणाला, पुढच्या महिन्यात एक चान्स देतो, त्यानंतर नाही.

ती आमच्या बाकावर येऊन बसली, बूट न काढता. मी म्हटलं, "अगं, तुझी काही चूक नाही. स्की लांब आहे. डॅडींना सांग."

"आय नो, आंटी. पण मी छोटी मागितली, तर डॅड विल थिंक आय हॅव स्टॉप्ड ग्रोइंग."

मी खाली बसून तिचे बूट काढून दिले.

*

त्याच महिन्यात सावंतांच्या कंपनीला पंधरा वर्षं झाली. पार्टी म्हणून त्यांनी मुहैस्नाच्या कामगार कॅम्पमधून आपले सगळे कारागीर बस करून बर्फात आणले. इराही होती. माणसं मोजे घालतानाच हसून लोळत होती. त्यांच्यात बबन होता, कुडाळकडचा सुतार, सावंतांच्या कंपनीत पहिल्या दिवसापासूनचा.

बबनने इराची स्की उचलली, एक डोळा मिटला आणि लाकडाची फळी बघतात तशी तिच्या कडेवरून नजर टाकली. मग इराकडे बघितलं.

"साहेब, हा लांब रंधा झाला. लांब रंधा सरळ काढायला. गोलाईला आखूड लागतो."

सावंत म्हणाले, "बबन, तुला काय कळतंय रे स्कीतलं?"

"स्कीतलं नाय कळत, साहेब. रंध्यातलं कळतं." त्याने स्की हळूच भिंतीला टेकवली. "अवजार हाताच्या मापाचं घ्यावं. हात वाढेपर्यंत काम थांबत नाय."

मी रोज जे तीन भाषांत सांगत होते, ते ह्याने दोन वाक्यांत सांगितलं! मला जरा रागच आला. सावंत स्कीकडे बघत राहिले.

*

पुढच्या महिन्यात, निवडीच्या सकाळी सावंत इराला घेऊन दुकान उघडायच्या आधीच दारात उभे. म्हणाले, "ग्रेसीताई, बरोबर मापाची द्या."

फॉर्मवर ह्या वेळी त्यांनी एकशे चाळीस लिहिलं. सावकाश, एकेक आकडा गिरवून.

आणि एकशे पंचवीसची एकही जोडी शिल्लक नव्हती! एक सोडून, माझी स्वतःची. माझ्या हनुवटीपर्यंत येते. लहान मुलांची आहे, वर पेंग्विन आहेत.

इराने नाक मुरडलं. "आंटी, दॅट्स फॉर बेबीज."

"ही बेबी बेचाळीस वर्षांची आहे," म्हटलं. "पाय पुढे कर."

तिच्या बुटाला खटका बसवून दिला. वजन तिने खरं सांगितलं, बिचारीने.

मॉलच्या बाजूला मोठी काच आहे, तिथून टेकडी दिसते. सावंत काचेला नाक लावून उभे, मी शेजारी, माझा ठोकळा घेऊन. इरा निघाली. पहिला खांब, दुसरा, तिसरा. चौथ्याला सावंतांनी डोळे मिटले. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "उघडा, गेली ती." ती सातव्यावर पोचली होती. पेंग्विन आडवे होत होते, सरळ होत होते. एकही खांब चुकला नाही.



टीमचं जॅकेट आमच्याच काउंटरवरून देतात. मी सगळ्यात लहान काढलं. इराने घातलं, खांदे, बाह्या, सगळं नेमकं मापाचं. सावंतांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

इरा त्यांच्याकडे बघत होती. तिने जॅकेट काढलं, नीट घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवलं. आमच्या काउंटरवर ही पोरगी आजवर एक अख्खं वाक्य मराठीत बोलली नव्हती.

म्हणाली, "आंटी, एक साइज मोठं द्या. वाढत्या अंगाचं."