तिघांच्या गळ्यातली माळ
सांगलीच्या होस्टेलात आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. आमच्यातला एक, साताऱ्याकडच्या फौजीचा मुलगा, पिण्यापायी पार हाताबाहेर गेला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, एक तर दारू राहील, नाहीतर तू. तेव्हापासून संध्याकाळी आम्ही त्याला एकटं सोडत नव्हतो. नदीकाठी फिरवायचं, भेळ चारायची, चिडला की त्याच्या शिव्या खायच्या. याहून दुसरा उपाय आम्हाला ठाऊक नव्हता. पण गडी टिकला होता.

मग गावाकडून जत्रेचं बोलावणं आलं. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, जत्रा जोरात होणार होती. त्याचे आबा पेन्शनीत निघालेले हवालदार. जत्रेला कँटीनची रम आणायचे आणि पहिला पेला शिकणाऱ्या लेकाच्या हातात स्वतः द्यायचे. त्यांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि जत्रेला न जाणं तर त्याहून अवघड.

तिसऱ्याने शक्कल काढली, तुळशीची माळ घालायची. माळकऱ्याला कुणी दारूचा आग्रह करत नाही. एकट्याच्याच गळ्यात दिसली तर संशय येईल म्हणून आम्ही दोघांनीही घातली आणि एस.टी.त बसलो. माळकऱ्याला मटणही वर्ज्य, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानात आलं ते दुपारी पंगतीत बसल्यावर. त्याच्या आईने आमच्या गळ्यांकडे पाहिलं, रश्शाचं पातेलं पुढे नेलं आणि आम्हाला कालची पुरणपोळी वाढली. वासावरच जेवलो म्हणा ना.

दिवस कलल्यावर आबांनी बाटली काढली. भरलेला पेला लेकापुढे धरला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"कुण्या महाराजांनी घातली?"

माळ कुणाच्या तरी हातून घ्यायची असते, हे आम्ही विसरलोच होतो. मित्र खाली बघत म्हणाला, "ह्या दोघांनी, आबा. मला लय लागली हुती. जीवावर बेतलं हुतं."

आबांनी पेला खाली ठेवला. आता हे आम्हा दोघांना हाकलणार, असं मला वाटलं.

"मग काढायची न्हाई," ते सावकाश म्हणाले. "महाराज लांब असत्यात. तुमी एका खोलीत ऱ्हाता."

त्यांनी पेला उचलला आणि दाराबाहेर ओतून आले. मला एवढं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

खरं तर परतताना कराडला माळा काढून मटणावर ताव मारायचा, असा आम्हा दोघांचा बेत होता. खानावळीत मित्रच म्हणाला, "खावा की रं तुमी. मी न्हाई सांगत आबास्नी." बोलताना त्याचा हात गळ्यातल्या माळेवर होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि तिघांसाठी पिठलं-भाकरी मागवली.

कॉलेज संपेपर्यंत आम्ही दोघं मटणाला शिवलो नाही, आणि तो दारूला.